डोंबिवलीहून एमबीए: अभ्यास, केस कॉम्पिटिशन आणि घर, दोन वर्षांचा अनुभव

एमबीएची सीईटी देऊन कॅप राउंडची (म्हणजे सरकारी प्रवेश फेऱ्यांची) वाट बघत बसलेली मुलं सारखी विचारतात की ताई, अभ्यास, त्या सगळ्या कॉम्पिटिशन आणि घर हे एकत्र जमतं का, तर एकदाच सविस्तर लिहिते. मी २०२३-२५ च्या बॅचची, मुंबई युनिव्हर्सिटीचं एमएमएस (एमबीएसारखीच डिग्री), कॉलेज दक्षिण मुंबईत आणि घर डोंबिवली पूर्वेला. त्याआधी ऐरोलीला आयटीत नोकरी करत होते. हॉस्टेल घेतलं नाही कारण आई-बाबा दोघं नोकरीला आणि घरी आजी एकटी, शिवाय भाड्याचे पैसे वाचवायचे होते. हे आधीच सांगते कारण हॉस्टेलवर राहून केलेलं एमबीए आणि रोज लोकलने ये-जा करून केलेलं एमबीए या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत. हॉस्टेलवाल्यांचं काम रात्री अकराला सुरू होतं, आणि माझं तोपर्यंत संपलेलं असावं लागायचं.

सगळ्यात आधी कॅलेंडर समजून घ्या, कारण खरी अडचण तिथेच आहे. कॅप राउंड लांबत लांबत जातात, त्यामुळे पहिलं सेमिस्टर उशिरा सुरू होतं आणि आवळून बसवलेलं असतं. त्याच काळात कॉलेजमधल्या विद्यार्थ्यांच्या कमिट्यांचे इंटरव्ह्यू, त्याच काळात कंपन्यांच्या केस कॉम्पिटिशनचा सीझन आणि लगेच पाठोपाठ समर इंटर्नशिपसाठीचं प्लेसमेंट. आणि आपल्याकडे हाच काळ गणपती, नवरात्र, दिवाळीचा. २०२३ ला गणपती आले १९ सप्टेंबरला आणि दिवाळी १२ नोव्हेंबरला, मधल्या त्या दोन महिन्यांत पहिल्या वर्षाचं जवळपास सगळं महत्त्वाचं होऊन गेलं. जानेवारी ते मार्च त्यामानाने बरा असतो. म्हणजे वर्षभर ओझं सारखं नसतंच, त्यामुळे "रोज इतके तास अभ्यासाला, इतके घराला" असा टाइमटेबल बनवून काही उपयोग होत नाही, ते दुसऱ्याच आठवड्यात मोडतं.

कॉम्पिटिशन म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोठ्या कंपन्या बी-स्कूलच्या मुलांना एखादा खरा धंद्यातला प्रश्न देतात, हिंदुस्तान युनिलिव्हरची लाइम, महिंद्राची वॉर रूम, टाटांची इमॅजिनेशन चॅलेंज, लॉरिआलची ब्रँडस्टॉर्म (ही तर १९९२ पासून चालू आहे आणि जगभर होते), अशी बरीच नावं तुमच्या कानावर पडतील. बहुतेकांचं रजिस्ट्रेशन अनस्टॉप या वेबसाइटवर होतं, ज्याचं आधीचं नाव डेअर टू कंपीट. तीन-चार जणांची टीम, आधी क्विझ किंवा एक पानी समरी, मग पाच-सहा स्लाइड, मग कॅम्पस राउंड, मग पुढचे राउंड. जिंकलं तर पैसे मिळतात, पण मुलं धावतात ती पीपीआयसाठी, म्हणजे कंपनी थेट इंटरव्ह्यूला बोलावते, प्लेसमेंटच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. आणि सीव्हीवर एक ओळ वाढते, आमच्या भाषेत सीव्ही पॉइंट.

सप्टेंबरच्या सुरुवातीला आमच्या बॅचच्या ग्रुपवर रोज एखादं तरी पोस्टर यायचं आणि लगेच "टीममध्ये एक जागा आहे, कोण येतंय" सुरू. प्रत्येकाला वाटायचं की हे सोडलं तर आपण मागे पडू. मलाही वाटायचं, नाही कशाला म्हणू. माझा विचार बदलला तो ऑपरेशन्सच्या क्लासमध्ये.

सर रांगांचं गणित शिकवत होते, क्यूइंग थिअरी. एक काउंटर आहे, माणसं कधी येतील ते नक्की नाही आणि एकेकाला किती वेळ लागेल तेही नक्की नाही. काउंटर निम्मा वेळ बिझी असेल तर तिथे सरासरी एकच माणूस असतो. ८० टक्के वेळ बिझी असेल तर ४ माणसं. ९० टक्के असेल तर ९. आणि ९५ टक्के असेल तर १९. सरांनी फळ्यावर तो कर्व्ह काढला, आधी आडवा आडवा जातो आणि शेवटी एकदम उभा चढतो. कामात वाढ फक्त ५ टक्क्यांची पण रांग दुपटीहून जास्त. परत येताना लोकलमध्ये माझ्या डोक्यात तेवढंच चालू होतं. माझा आठवडा तेव्हा असाच ९५ टक्के भरलेला होता, क्लास, प्रवास, असाइनमेंट, दोन टीम. कागदावर सगळं बसत होतं. पण लोकल अर्धा तास लेट झाली, कुणी सरप्राइज क्विझ घेतली किंवा घरी पाहुणे आले की त्याचा धक्का तीन दिवस पुढे जात राहायचा. मी आळशी आहे किंवा माझं टाइम मॅनेजमेंट कच्चं आहे असं काही नव्हतं, मोकळी जागाच नव्हती ना.

त्याच कोर्समध्ये पुढे हार्वर्डची डबेवाल्यांवरची केस आली (केस म्हणजे खऱ्या धंद्याची लिहिलेली गोष्ट, ती वाचून क्लासमध्ये चर्चा करायची). क्लासमधले बरेच जण बाहेरच्या राज्यांतले, त्यांना त्या केसमध्ये डब्यावरच्या रंगांच्या आणि आकड्यांच्या खुणा, चुका जवळजवळ न होणं, याचंच कौतुक. मला डबेवाले माहीत आहेत ते लगेज डब्यात लांबट लाकडी क्रेट डोक्यावरून उतरवताना पाहिलेले, मावळ, खेड, जुन्नर, आंबेगावकडची माणसं, १८९० पासून हे चालू आहे. त्या केसवर वाचताना माझं लक्ष एका वेगळ्याच गोष्टीकडे गेलं. त्यांचे गट असतात, प्रत्येक गटाला मुकादम असतो, आणि गटात दोन-तीन माणसं जास्तीची ठेवलेली असतात. कुणी आजारी पडला, कुणाची सायकल पंक्चर झाली की हा जास्तीचा माणूस ती लाइन उचलतो, कारण त्याला गटातल्या बाकीच्यांच्या लाइनी पण माहीत असतात. रोज दुपारी वेळेत जेवण पोचतं त्यामागे ही मोकळी ठेवलेली माणसं आहेत. एखाद्या कन्सल्टंटला विचारलं असतं तर त्याने पहिल्यांदा त्यांनाच कमी करायला सांगितलं असतं, असं मी क्लासमध्ये बोलले आणि त्यावर बराच वाद झाला, छान झाला.

त्या आठवड्यात मी ठरवलं की सीझनमध्ये कॉम्पिटिशन दोनच करायच्या, आणि बुधवारची संध्याकाळ आणि रविवार दुपारपर्यंत काहीही लावायचं नाही. काही म्हणजे काही नाही, ग्रुप मीटिंग पण नाही. काही उरलंसुरलं असेल तर ते त्या वेळेत जाईल, नसेल तर मी घरी. एका फायनान्सच्या कॉम्पिटिशनच्या टीमला नाही म्हणून सांगितलं, ती मुलं चांगली होती आणि थोडी नाराज झाली. कमिटीसाठी अर्जच केला नाही. याबद्दल मतं वेगवेगळी आहेत, कमिटीत काम केलेल्या माझ्या मैत्रिणी म्हणतात की खरं मॅनेजमेंट तिथेच शिकलो, आणि ते खोटं नाही. पण रोजचे अडीच-तीन तास प्रवासात जाणाऱ्या माणसाला कमिटी, दोन कॉम्पिटिशन आणि घर हे तिन्ही झेपत नाही, माझं तरी स्पष्ट मत आहे.

आता प्रवासाचं. डोंबिवलीला सकाळच्या फास्टमध्ये चढणं काय असतं ते तिथे राहणाऱ्यांना सांगायला नको, बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. त्या गर्दीत हात वर करून मोबाइल पण बघता येत नाही. म्हणून मी डोंबिवलीहून सुटणारी स्लो पकडायला लागले. वीस-पंचवीस मिनिटं जास्त लागतात पण बसायला मिळतं, आणि बसून सीएसएमटीपर्यंत एक केस आरामात वाचून होते. आदल्या रात्री पीडीएफ डाउनलोड करून ठेवायच्या, समासात तीन-चार ओळी लिहायच्या, आणि क्लासमध्ये गेल्यावर बोलायचं. आमच्या वेळी १०० पैकी ४० मार्क इंटर्नलचे आणि ६० सेमिस्टरच्या परीक्षेचे होते, इंटर्नलमध्ये क्लासमध्ये बोलण्याचे, क्विझचे, प्रेझेंटेशनचे मार्क. म्हणजे क्लासमध्ये जागं राहून भाग घेतला की जवळपास निम्मी तयारी तिथेच होते. रात्री दोनपर्यंत जागून सकाळी क्लासमध्ये पेंगणारी मुलं हेच मार्क घालवतात आणि मग शेवटच्या आठवड्यात भरून काढायला बघतात. परतीच्या प्रवासात मी काही वाचायचे नाही, गाणी ऐकायची किंवा सरळ झोपायचं. आमच्या डब्यातल्या रोजच्या बायका मला ठाण्यानंतर उठवायच्या, "अगं ए एमबीए, दिवा गेलं बघ".

अकाउंट्सने मात्र सुरुवातीला घाम काढला. इंजिनिअर लोकांना डेबिट-क्रेडिट कळतं, पण कॅश फ्लो स्टेटमेंट आलं की, नफा झालाय तर मग डेप्रिसिएशन (घसारा) परत का मिळवायचं, गिऱ्हाइकांकडची उधारी वाढली तर ती वजा का करायची, इथे सगळे अडकतात. आमच्या टीममध्ये घाटकोपरची एक मुलगी होती, बीकॉम करून सीए इंटर झालेली. तिला स्टॅटिस्टिक्सची भीती आणि मला अकाउंट्सची, म्हणून शनिवारी क्लास संपल्यावर कॅन्टीनमध्ये एक तास ती मला शिकवायची आणि एक तास मी तिला. तिने एक वाक्य सांगितलं होतं ते अजून डोक्यात आहे, "आधी विचार कर पैसा खरंच हातात आला का, मग नियम बघ". रिलेटिव्ह ग्रेडिंग, म्हणजे बाकीच्यांच्या तुलनेत ग्रेड, असलं की दुसऱ्याला शिकवलं तर आपलाच ग्रेड खाली जातो असं काही जणांना वाटतं आणि ते नोट्स लपवून ठेवतात. आमच्या दोघींचा अनुभव बरोबर उलटा आहे, शिकवताना आपलंच पक्कं होतं, आणि शंभरेक जणांच्या बॅचमध्ये एकीला शिकवल्याने कुणाचा ग्रेड हलत नाही.

टीममधला तिसरा लातूरचा, मेकॅनिकल इंजिनिअर, हॉस्टेलला राहणारा. तर आमची मुख्य कॉम्पिटिशन एका एफएमसीजी (साबण-शाम्पूसारख्या रोजच्या वस्तूंच्या) कंपनीची, प्रश्न होता छोट्या गावांत आणि शहरांच्या कडेच्या वस्त्यांत शाम्पूच्या पाऊचची विक्री कशी वाढवायची. बहुतेक टीम बसल्या फाइव्ह फोर्सेस आणि स्वॉट असले पुस्तकातले विश्लेषणाचे साचे, म्हणजे फ्रेमवर्क, भरत. मला फ्रेमवर्कचा राग नाही, पण स्लाइडवर चौकोन आहेत म्हणून भरायचे याला अर्थ नाही, ज्युरीने असले चौकोन हजारदा बघितलेले असतात. आम्ही ठरवलं आधी दुकानं बघायची. यात माझ्या डोंबिवलीत राहण्याचा फायदा झाला, मी आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानापासून सुरुवात केली, लातूरवाला गावी गेला तेव्हा तिथल्या दुकानांत बसला.

आमचे दुकानवाले काका मला लहानपणापासून ओळखतात, तरी पहिले दहा मिनिटं "बघू, बघू" करत होते, दुपारी गिऱ्हाईक कमी झाल्यावर बोलायला लागले. म्हणाले, "तुम्ही लोक नवीन पॅक, नवीन पॅक करता, पण तो लावू कुठे ते सांगा." आणि वर बोट दाखवलं. काउंटरच्या वरच्या पट्टीला खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याला पाऊचची एक माळ. शाम्पू, कॉफी, टूथपेस्ट, पान मसाला, सगळं त्याच पट्टीवर. "हे खिळे भरलेत. तुमच्या कंपनीची नवीन माळ लावायची तर एक जुनी उतरवायला लागेल, ती उतरवली तर तिचं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल. मार्जिन तुम्ही थोडं जास्त दिलं तरी मी का करू हे?" मग त्यांनी सांगितलं की सेल्समन ठरलेल्या वारी येतो, आठवड्याची उधारी असते, आणि स्कीम महिन्याच्या शेवटी येते कारण सेल्समनला टार्गेट पूर्ण करायचं असतं, म्हणून हे महिन्याच्या सुरुवातीला माल घेतच नाहीत. पुस्तकात ट्रेड प्रमोशनचा अख्खा चॅप्टर होता, पण तो मला त्या स्टुलावर बसल्यावर कळला.

आमचं सगळं सोल्यूशन त्या खिळ्यावर उभं राहिलं. नवीन पॅक नको, आहे त्याच माळेत बदल करा, दुकानदाराला खिळा वाढवावा लागू नये आणि स्कीम महिनाभर सारखी ठेवा. आकडे घाटकोपरवालीने बसवले, एका पाऊचमागे कॉन्ट्रिब्युशन (किमतीतून त्या पाऊचचा स्वतःचा खर्च वजा जाऊन उरतं ते) किती, त्यात स्कीमचा खर्च किती, किती दुकानांत चाललं तर खर्च निघतो. हे ब्रेक-इव्हन आम्ही त्याच आठवड्यात कॉस्टिंगच्या क्विझसाठी पण करत होतो, त्यामुळे वेगळा अभ्यास करावाच लागला नाही. कॉम्पिटिशन निवडताना हे बघा, असं मी कळकळीने सांगेन. जो विषय त्या सेमिस्टरला चालू आहे त्याच्या जवळची कॉम्पिटिशन घ्या, म्हणजे एका कामात दोन होतात.

गणपतीत आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो. तेव्हा आमच्या समरीची डेडलाइन दुसऱ्या दिवशी रात्रीची होती, म्हणजे बरोबर विसर्जनाची. टीमला मी आधीच सांगून ठेवलं होतं की हे दोन दिवस मी नाही, माझा भाग त्याआधी देते. दिलाही. मोदकाच्या कळ्या करताना फोन वाजत होता तो मी आत ठेवून दिला. घरच्यांना आणि टीमला, दोघांनाही तारखा आधी सांगणं हे मला या दोन वर्षांत सगळ्यात उपयोगी पडलं. आमच्या फ्रिजवर मी महिन्याचा कागद लावायचे, परीक्षा निळ्या पेनने, कॉम्पिटिशन लाल पेनने आणि घरचं हिरव्याने. आई तो कागद बघून मावशीला फोनवर सांगायची, "पुढच्या रविवारी नको, तिचं लाल आहे".

गणपती झाल्यावर लगेच आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन छोटं, त्याच दिवशी घरी सोडतात, पण नंतरचे ड्रॉप फार सांभाळावे लागतात. दोन-तीन वेगवेगळ्या बाटल्या, दिवसातून ठरलेल्या वेळा, एक ड्रॉप टाकल्यावर पाच मिनिटं थांबून मग दुसरा, नाहीतर पहिला वाहून जातो. सकाळचे आई टाकायची, दुपारी शेजारच्या काकू, आणि संध्याकाळनंतरचे माझ्याकडे. त्या पाच मिनिटांत आजी डोळे मिटून पडलेली असायची आणि मला विचारायची, "काय गं, तुमच्या त्या शाम्पूचं काय झालं?" मी सांगायचे. एकदा ती म्हणाली, "पुडी एका वेळेला कोण संपवतं? तुझी आत्या लहान असताना आम्ही अर्धी वापरून कपड्यांचा चिमटा लावून ठेवायचो, पुढच्या वेळेला पुरायची". मी दुसऱ्या दिवशी डब्यातल्या बायकांना विचारलं, चार जणींनी सांगितलं की त्या अजूनही तेच करतात, कुणी चिमटा लावतं, कुणी कडा दुमडून रबर. आमच्या डेकमधली तिसरी स्लाइड तिथून आली, एकाच पाऊचला मधे फाडायची रेघ, दोन वापरांसाठी. कॅम्पस राउंडला ज्युरीतल्या मॅडमनी सगळ्यात जास्त वेळ त्याच स्लाइडवर घेतला, पॅकिंगचा खर्च किती वाढेल, गळती होईल का, आणि तुम्ही हे कुणाला विचारलं. उत्तरं तयार होती. आम्ही कॅम्पस राउंड जिंकलो.

मला वाटतं यात वेळ वाटून घेण्याचा प्रश्न सगळे समजतात तसा नाहीये. आजीजवळ बसलेला वेळ अभ्यासातून कापलेला आणि अभ्यासाचा वेळ घरातून कापलेला असं मी धरलं असतं तर दोन्हीकडे मन लागलं नसतं.

पुढचा राउंड डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, आणि नेमका माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीच्या हळदीच्या दिवशी. शाळेपासूनची मैत्रीण, लग्न साताऱ्याला, तारीख मला ऑगस्टपासून माहीत होती आणि टीमलाही. राउंडची तारीख आली तेव्हा लातूरवाला दोन मिनिटं गप्प बसला आणि मग म्हणाला, "जा तू, आम्ही बघतो". हे शक्य झालं कारण डबेवाल्यांच्या केसनंतर आम्ही एक सवय लावून घेतली होती, प्रत्येक स्लाइड तिघांनाही मांडता आली पाहिजे. प्रॅक्टिसला चिठ्ठ्या टाकायचो, ज्याला जी स्लाइड येईल ती त्याने बोलायची, आकडे बनवणारीने गोष्ट सांगायची आणि गोष्टवाल्याने आकडे. एक जण नसला तर चालेल का हे आयोजकांना मेल करून आधीच विचारून घेतलं, त्यांनी हो म्हटलं. मी जाण्याआधी प्रश्नोत्तरांची एक फाइल बनवून दिली, दुकानदाराचं मार्जिन, उधारीचे दिवस, पॅकिंग, ज्युरी काय काय विचारू शकते ते सगळं. साताऱ्याला पोचल्यावर फोन बंद नव्हता केला पण बघितलाही नाही. संध्याकाळी अंगभर हळद असताना मेसेज आला की चांगलं झालं. नॅशनल फायनलला नाही गेलो आम्ही, पुढे गेलेल्या टीमचं काम मी नंतर बघितलं, त्यांचं खरंच जास्त पक्कं होतं. पण त्या तीन-चार महिन्यांचं काम मला समर प्लेसमेंटला पूर्ण पुरलं. इंटरव्ह्यूत मला कॉम्पिटिशनबद्दल विचारलं आणि अर्ध्याहून जास्त वेळ त्या खिळ्यांच्या पट्टीवरच गेला. तुम्ही किती कॉम्पिटिशनमध्ये भाग घेतला हे मला कुणीही, कधीही विचारलं नाही.

दिवाळीचं राहिलं सांगायचं. डोंबिवलीकरांना फडके रोड माहीत आहे, नरक चतुर्दशीला पहाटे नटूनथटून सगळे तिथे जमतात, शाळेचे, कॉलेजचे, जुने ऑफिसचे, वर्षभर न भेटलेले. समर प्लेसमेंट चालू होतं, ग्रुपवर मॉक इंटरव्ह्यूचे मेसेज पडत होते, तरी मी गेले. तिथे जुन्या ऑफिसातली एक जण भेटली जी स्वतः एमबीए करून दोन वर्षं सेल्समध्ये होती, उभ्याउभ्या तिने एरिया सेल्स मॅनेजरचा दिवस कसा असतो ते सांगितलं. पण ते झालं नसतं तरी मी गेलेच असते.

एक गंभीर गोष्ट लिहायची आहे. दुसऱ्या सेमिस्टरला आमच्या ओळखीतल्या एका मुलाची झोप पूर्ण उडाली, खाणं कमी झालं, आणि आम्हाला कुणालाच नीट कळलं नाही कारण तो सगळ्या मीटिंगला हजर असायचा, हसायचा, स्लाइड वेळेत द्यायचा. त्याच्या रूममेटने लक्षात आणून दिलं आणि मग आम्ही त्याच्याबरोबर काउन्सेलरकडे गेलो. तो आता बरा आहे. घरी राहणाऱ्यांचं निदान आईला चेहऱ्यावरून कळतं, हॉस्टेलला कुणी बघत नसतं. आपल्या टीममधला माणूस जेवला का, झोपला का हे विचारा, स्लाइड झाली का हे नंतर. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं, नंबर सेव्ह करून ठेवा, कधी कुणासाठी लागेल सांगता येत नाही.

इंटर्नशिप २०२४ च्या मे-जूनमध्ये अकोल्याला, सेल्समध्ये, ४४-४५ च्या उन्हात डिस्ट्रिब्युटरच्या सेल्समनबरोबर मोटरसायकलवर दुकानं फिरले. त्यावर वेगळं लिहावं लागेल, इतकं आहे. दुसरं वर्ष मला सोपं गेलं, विषय आपण निवडलेले असतात आणि कुठे नाही म्हणायचं ते एव्हाना कळलेलं असतं. त्या सीझनला मी एकच कॉम्पिटिशन केली, तीच टीम. घाटकोपरवालीच्या बहिणीचं लग्न मधेच होतं, तेव्हा तिच्या आकड्यांच्या स्लाइड मी मांडल्या, आणि कॅश फ्लोवर आलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिलाच झाला.

आता ज्यांची यादी लागायची आहे त्यांच्यासाठी. कॉलेज सुरू व्हायच्या आधी जे दोन-तीन आठवडे मिळतात त्यात अकाउंट्सचं बेसिक करून घ्या, बॅलन्स शीट, प्रॉफिट अँड लॉस आणि कॅश फ्लो ही तीन पानं एकमेकांना कुठे जोडली जातात एवढं समजलं तरी पहिला महिना हलका जातो. एक्सेलमध्ये पिव्होट टेबल आणि लुकअप हातात बसू द्या. टीम बनवताना हुशार कोण यापेक्षा आपल्याला जे येत नाही ते कुणाला येतं आणि फोन कोण उचलतं ते बघा. लांबून येणार असाल तर पहिल्याच आठवड्यात सुटणाऱ्या लोकलच्या वेळा बघून ठेवा. आणि घरातली लग्नं, ऑपरेशनं, सणवार जे काही सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये येणार आहे ते आत्ताच आईला विचारून एका कागदावर लिहून घ्या, कारण कॉलेजच्या तारखा कळतील तेव्हा विचारायला वेळ नसेल.